महिदपूरची रात्र आणि पडद्यावरचे हेर

हेरगिरीची मालिका सुरू झाली की प्रेक्षकाचं मन एकाच शोधाला लागतं: यातला दगाबाज कोण? या शोधामागे एक समजूत असते. विश्वास टाकणं धोक्याचं, संशय घेणं मात्र सुरक्षित. फार तर एखाद्या भल्या माणसाला थोडा मनस्ताप होईल, इतकंच. राज आणि डीके यांची ‘द फॅमिली मॅन’ ही मालिका मला मोलाची वाटते, कारण ती ही समजूत मोडून काढते. इंदूरच्या वाचकाला तर त्यासाठी पडद्याकडेही पाहावं लागत नाही. डिसेंबर १८१७ मध्ये, अवघ्या दोन दिवसांत, होळकरांच्या महिदपूरच्या छावणीत हेच घडून गेलेलं आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या या मालिकेच्या पहिल्या पर्वात हेरखात्यातला अधिकारी श्रीकांत तिवारी (मनोज वाजपेयी) दोन तरुणांबद्दल निर्णय घेतो. एक मूसा. तो पकडला गेलेला संशयित आहे, पण बोलायला गोड, जखमी, पश्चात्ताप झालेला, चुकून वाहवत गेलेला वाटावा असा. श्रीकांतला त्याची दया येते आणि पुढे कळतं की कटाचा खरा सूत्रधार तोच आहे. दुसरा करीम, कॉलेजातला विद्यार्थी. त्याला एक राजकीय निषेध करायचा असतो, बॉम्बशी त्याचा काही संबंध नसतो. तो गोळीला बळी पडतो आणि चूक उमगल्यावर ती झाकून टाकली जाते. वरवर पाहता या दोन उलट चुका आहेत, एकीकडे भाबडेपणा आणि दुसरीकडे अतिसंशय. मला मात्र ती एकच चूक दिसते. दोन्ही वेळा माणसाबद्दलचा निर्णय त्याच्या दर्शनी रूपावरून झाला. एकाचा चेहरा निरागस म्हणून, दुसऱ्याच्या हालचाली ठरावीक साच्यात बसल्या म्हणून. पडताळणी दोन्हीकडे अपुरी राहिली. आणि प्रेक्षक म्हणून आपणही त्याच वेळी मूसाला माफ केलेलं असतं, करीमवर डोळा ठेवलेला असतो. दिग्दर्शकांनी आपल्याला या चुकीत सामील करून घेतलं आहे, हे त्यांचं खरं कसब.

आता महिदपूर. यशवंतराव होळकर १८११ मध्ये भानपुऱ्याला वारले. गादीवर बालवयातले मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हाती, फौजेचे पगार थकलेले आणि पठाण सरदार शिरजोर झालेले. १८१७ च्या अखेरीस पेशव्यांच्या बाजूनं इंग्रजांशी लढायचं की इंग्रजांशी जुळवून घ्यायचं, हा प्रश्न क्षिप्राकाठच्या त्या छावणीपुढे होता. तुळसाबाई इंग्रजांशी आतून बोलणी करत आहेत असा संशय सरदारांना आला. त्यांनी तुळसाबाईंना कैद केलं आणि २० डिसेंबरच्या रात्री नदीकाठी त्यांचा शिरच्छेद केला. दुसऱ्याच दिवशी इंग्रज सेनानी हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेशी लढाई झाली, होळकरांचा पराभव झाला आणि ऐन रणात पाठ फिरवल्याचा ठपका आला तो पठाण सरदार गफूरखानावर. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. त्याच्या बाराव्या कलमानं जावऱ्याची जहागीर याच गफूरखानाच्या घराण्याकडे वंशपरंपरेनं कायम झाली.

इथे कोणी म्हणेल की तुळसाबाई काही निर्दोष नव्हत्या. खरं आहे, इंग्रजांच्या आश्रयाकडे त्यांचा कल होता, असं इंग्रजी साधनांवरूनच दिसतं. पण जो तह अखेर झालाच, त्याची बोलणी लढाईआधी करू पाहणं म्हणजे गादीशी द्रोह, की अल्पवयीन राजाला वाचवण्याची धडपड? हे ठरवायला चौकशी लागते, आणि ती झाली नाही. गफूरखानाच्या बाबतीतही हाच निकष मी लावेन. नंतर मिळालेली जहागीर हा आधीच्या फितुरीचा पुरावा ठरत नाही. इंग्रजांना होळकरांच्या शेजारी एक स्वतंत्र, उपकृत नवाब हवाच होता. गफूरखानाचे मेहुणे अमीरखान यांनी महिनाभर आधीच इंग्रजांशी करार केला होता, ही गोष्ट मात्र छावणीतल्या कोणीही पडताळून पाहायला हवी होती. जिथे सगळेच एकमेकांकडे संशयानं पाहतात, तिथे पडताळणीला वेळ मिळत नाही. सर्वांत मोठ्यानं दुसऱ्याला गद्दार म्हणणारा माणूस आपोआप विश्वासू ठरतो. फसवणाऱ्याला याहून सोयीची जागा कुठली?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हेरखात्याला विश्वास परवडत नाही. एक चूक आणि शहर उद्ध्वस्त. पण मालिकाच दाखवते की संशयावर कुठलंच खातं चालत नाही. श्रीकांतचं काम सहकारी जेके तळपदेशिवाय अडतं. दुसऱ्या पर्वात निवृत्त हेर चेल्लम सर फोनवर जे सांगतात, ते तो हाती घेऊन पुढे निघतो, कारण त्या माणसाची माहिती खरी ठरत आलेली आहे. हा आंधळा विश्वास नव्हे, हा कमावलेला विश्वास आहे, आणि तो तपासत राहता येतो. श्रीकांतचं घर नेमकं इथेच उसवतं. बायकोमुलांपासून तो कामाचं खरं रूप लपवतो, ती गुपितं देशासाठीच असतात, पण घरच्यांना तपासून पाहायला तो काहीच देत नाही. पुढे त्याची मुलगी धृती प्रेमाचा बहाणा करणाऱ्या मुलाच्या जाळ्यात सापडते, ते याच घरातून.

फितुरीची गोष्ट पराभूतांना दिलासाही देते, म्हणून महिदपूरबद्दल एवढीच आठवण उरली की गफूरखानानं दगा दिला. पण होळकरांच्या तोफांनी लढाईच्या दिवशी इंग्रजी फौजेचे सातशेहून अधिक लोक ठार आणि जखमी केले होते. गोलंदाज आपल्या जागी उभे राहून लढले. त्यांच्या मागे मात्र अकरा वर्षांचा राजा होता, दिवाण गणपतराव कैदेत होते आणि कारभार पाहणाऱ्या बाईंना आपल्याच लोकांनी आदल्या रात्री मारलं होतं.