घाणेरी उपटायचा रविवार

सकाळी 6. बोईसर स्टेशनबाहेर कोयते, कुदळी, पहारी गाडीत चढतात. तारापूर एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून आमच्यातले दोघे मागून दुचाकीवर येतील. झोप काढून या म्हटलं तरी ऐकत नाहीत. चिल्हार फाट्याला महामार्ग लागतो, तेव्हा अशेरीगडाकडचे डोंगर ढगात असतात.

7.15. पाड्यावर कोरा चहा. 2006च्या वनहक्क कायद्याने इथल्या रानावर सामूहिक हक्क ग्रामसभेचा, म्हणून कुठे हात घालायचा ते पाडा ठरवतो. पाड्यावरच्या मावशी बजावतात, “वरच्या अंगाला नका जाऊ. कळलावीचे कोंब आलेत, तुडवाल.” आम्हाला गवतातून ते कोंब वेगळे ओळखूच येत नाहीत.

8 ते 11. घाणेरी. शोभेचं झुडूप म्हणून इंग्रजांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आणलेली ही अमेरिकेतली वनस्पती. बुलबुल फळं खातात आणि बी रानभर पसरतं. तिच्या दाट जाळीखाली तेरड्याला, रानहळदीला ऊनच मिळत नाही. नुसती छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी सांगितलेली रीत: मातीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. पावसाने माती मऊ असते, पण काटेरी फांद्या हात सोलून काढतात. झुडपाखाली फुरसं असू शकतं, म्हणून आधी काठी आपटायची.

11.30. लागवड, सफेद मुसळीची आणि कळलावीची. बी याच उतारावरून गेल्या हिवाळ्यात गोळा केलेलं, विकतचं काही नाही. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव बोरिवलीच्या रानावरून पडलंय. औषधासाठी तिची मुळं इतकी खणली गेली की आता ती शोधावी लागते. कळलावीचा कंद जहाल विषारी, त्यामुळे हातमोजे घालायचेच. बियांपासून फूल यायला काही वर्षं जातात.

1. हात साबणाने धुऊन भाकरी आणि फोडशीची भाजी. फोडशी म्हणजे त्याच मुसळीची कोवळी पानं. मावशी विळ्याने वरची पानंच कापतात, मुळाला हात लावत नाहीत. आम्ही ज्याला संवर्धन म्हणतो ते त्यांच्या भाजी खुडण्यातच आहे, आणि ते आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

3. वहीत नोंदी. नव्याने आलेल्या एकाला मोकळा गवताळ तुकडा दिसतो: “इथे शंभर झाडं बसतील!” बसतील, पण तिथलीच सोनकी आणि तेरडा जाईल. पावसाळ्यात वृक्षारोपणाचे कितीतरी खड्डे अशाच ‘रिकाम्या’ जागी पडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याला तिथे गुडघ्यावर बसवून एक हातभर जागा नीट बघायला लावतो. उठायला तो बराच वेळ घेतो.

4.30. हत्यारं पाड्यावर ठेवून निघायचं. पुढच्या रविवारी घाणेरी नाही. पाड्यावर भाताची लावणी आहे आणि आवण काढायला माणसं कमी आहेत. येणाऱ्यांनी जुने कपडे आणावेत.