जाड कांबेवरील आटे

दिल्लीच्या करोल बागेतील नाईवाला भाग वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथेही हवा तसा लांब बोल्ट न मिळाल्यास हौशी गृहस्थ घरच्या कर्मशाळेकडे वळतो. २४ मिलिमीटर जाडीच्या पोलादी कांबेवर नुसत्या हाताने डाय फिरवू गेल्यास ती तिरपी बसते व आटे फाटतात. यास्तव लेथचा आश्रय घ्यावा. ३ मिलिमीटर अंतराच्या आट्यांची खोली सुमारे १.८४ मिलिमीटर असते. ती एकाच घावात न गाठता, तेल सोडीत, अनेक हलक्या फेऱ्यांत गाठावी. डाय अखेरीस केवळ सफाईसाठी फिरवावी. फाटक्या आट्यांवर नट कदाचित बसेलही. परंतु भार पडताच तडा जाण्यास आरंभ तेथूनच होतो. ज्या बोल्टवर माणसाचा जीव विसंबतो, तो घडविताना सबुरी हेच खरे कौशल्य होय.