काळ्या रानातून समुद्रकाठी

सोयाबीन घरात आले, हरभऱ्याची पेरणी आटोपली, आणि तूर अद्याप काढणीस आली नाही, असे काही मोकळे दिवस वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या वाट्यास नोव्हेंबरअखेर येतात. सहल काढावयाची ती याच दिवसांत. मात्र मोटारीत माणसे कोंबून तीन दिवसांत दहा ठिकाणे दाखविणे म्हणजे सहल, ही रूढ समजूत ग्रामसेवकांनी सोडावयास हवी. धावपळीत पाहिलेले शेत घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते, आणि मजुरी बुडवून आलेल्या माणसाचे ते नुकसानच होय.

आगगाडीने जावे, व शक्यतो दिवसा जावे. पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली रुंद झाला. अकोल्यास मुंबईची गाडी धरली की खिडकीतूनच निम्मे शिक्षण होते. वऱ्हाडची कपाशी मागे पडते, जळगावकडे केळीच्या बागा लागतात, नाशिकच्या बाजूस द्राक्षे व कांदा, आणि कसाऱ्याचा घाट उतरताच भातखाचरे. रात्रीच्या गाडीने झोपेत जाणारा हे सर्व गमावतो. ठाण्याकडे गाडी बदलून कोकण रेल्वेने रत्नागिरी गाठावी. या रेल्वेवर २६ जानेवारी १९९८ पासून सलग वाहतूक सुरू झाली. वाशीम जिल्हाही त्याच वर्षीचा. रत्नागिरीपूर्वी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागतो. तेथे मुलेच नव्हे, वडीलधारी मंडळीही गप्प होतात.

रत्नागिरीजवळ खाडीपलीकडे भाट्ये येथे कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. सारा दिवस येथेच द्यावा. साडेसात मीटरांवर लावलेल्या माडांमध्ये बरीच जमीन रिकामी राहते. तीत जायफळ, दालचिनी, केळी, आणि माडाच्याच खोडावर मिरीचा वेल, अशी रचना येथे बसविली आहे. लाख रुपये उत्पन्नाच्या अपेक्षेवरून तिला लाखी बाग म्हणतात. ती पाहून वाशीमच्या काळ्या रानात जायफळ लावण्याचा मोह कोणास होऊ नये. पाहावयाचे ते हे की, एकाच जमिनीवर उंच, मध्यम व ठेंगणे पीक ऊन कसे वाटून घेते, आणि माडाच्या झावळ्या व सोडणे जाळून न टाकता आळ्यात ओलाव्यासाठी कशी पसरतात. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ घेणाऱ्यास पहिली गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. पऱ्हाटी व तुऱ्हाटी बांधावर पेटविणाऱ्यास दुसरी मात्र नीट दाखवावी.

आणखी एक नवल पाहुण्यांस वाटते. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांच्या विहिरी आटतात. जांभा दगड पाणी धरीत नाही व उतार ते समुद्रास नेऊन घालतो. म्हणून पावसाळा सरताच ओढ्यांवर माती भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घालतात. पाऊस पडणे निराळे व तो गावात राहणे निराळे, हे वाशीमच्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. पण तिप्पटीहून अधिक पावसाच्या मुलखात तीच तक्रार ऐकली की नाल्याच्या कामाविषयी तो निराळ्या कानांनी ऐकतो.

सहलीच्या यादीत स्त्रियांची नावे बहुधा नसतात. निंदणी-खुरपणी करणाऱ्या हातांनी लाखी बाग पाहिली नाही, तर घरी गेल्यावर पालापाचोळा आळ्यात कोणी टाकावयाचा?

ऊन उतरल्यावर सर्वांस सुरूच्या बनापलीकडे वाळूवर सोडून द्यावे, आणि व्याख्यान ठेवू नये. कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिलेला असतो.