दारातली पत्रपेटी आणि एक पुरस्कार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका जुन्या, रांगेतल्या घरात भाड्याने राहतो. हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर आई दर वेळी विचारते, "घरात पण स्वेटर का रे घालून बसतोस?" कारण सोपं आहे. हीटिंग लावलं की बिल वाढतं, आणि तापवलेली हवा फटींतून निघून जाते. दारातच पत्रं टाकायची फट आहे, तिथून तर थेट वारा. मी तिथे जुना टॉवेल कोंबलाय.

म्हणून नॉर्विचच्या गोल्डस्मिथ स्ट्रीटबद्दल वाचताना मी एका वाक्यावर अडकलो: तिथे पत्रपेटी दारात नाहीच, ती दाराबाहेरच्या पोर्चमध्ये आहे. का? दाराला भोक नको म्हणून!

ही शंभराहून जास्त घरं आहेत. बांधली नॉर्विच सिटी कौन्सिलने, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेने. भाडं माफक. आराखडा मिखाइल रिचेस या आर्किटेक्ट फर्मने कॅथी हॉली यांच्यासोबत केला.

आता पुरस्कारांची शिडी समजून घेऊ. 'रिबा' ही ब्रिटिश आर्किटेक्टांची संस्था आधी विभागवार पुरस्कार देते. इमारत बांधून पूर्ण झालेली लागते आणि निवडलेल्या इमारतींना परीक्षक स्वतः भेट देतात. विभागीय विजेत्यांतून राष्ट्रीय पुरस्कार ठरतात आणि त्यांतून स्टर्लिंग प्राइझची छोटी यादी. गोल्डस्मिथ स्ट्रीट २०१९ मध्ये पूर्व विभागातून निघालं आणि थेट स्टर्लिंग जिंकलं. कौन्सिलच्या घरांना हा मान पहिल्यांदाच मिळाला.

बरं, त्यात एवढं काय? ही घरं 'पॅसिव्हहाउस' या जर्मनीतून आलेल्या मानकावर बांधलीत. भिंती जवळपास दोन फूट जाड. मला सगळ्यात आवडली ती त्याची टेस्ट. दारात मोठा पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक तयार करतात. तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा गळली, तर घर नापास. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं: डिझाइन कितीही सुंदर असो, टेस्ट चालते ती तयार झालेल्या गोष्टीवर. गवंड्याने एक फट सोडली तरी पंखा ती पकडतो.

मग हवा कोंडत नाही का? नाही. एक यंत्र शिळी हवा बाहेर टाकतं, पण जाता जाता तिची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देतं. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, फक्त ऊब बदलतात.

बाकी काम उन्हाचं. रांगांमधले रस्ते साधारण १४ मीटरचे, म्हणजे घरं बऱ्यापैकी जवळजवळ. पण छपरांचा उतार फक्त १५ अंशांचा, त्यामुळे पुढच्या रांगेची सावली मागच्या घराचं हिवाळ्यातलं ऊन खात नाही. गाड्या कडेला ढकलल्यात आणि परसांच्या मागे पोरांना खेळायला सामाईक बोळ ठेवलाय.

आता मुद्द्याची गोष्ट. यातलं कुठलंच तंत्र गुप्त नाही. या कामाची स्पर्धा फर्मने जिंकली २००८ मध्ये आणि घरं पूर्ण झाली २०१९ मध्ये. तब्बल अकरा वर्षं! जमीन बिल्डरला देऊन मोकळं होण्याऐवजी कौन्सिलने स्वतः बांधायचं ठरवलं. विकून निघून जाणाऱ्याला पुढच्या वीस वर्षांच्या हीटिंग बिलाशी काय देणंघेणं? इथे घरमालक कौन्सिलच, आणि भाडेकरू त्याचेच नागरिक. बिल थकलं तरी अडचण पुन्हा त्याच्याच दारात.

म्हणून मला हा पुरस्कार महत्त्वाचा वाटतो. इथल्या अनेक कुटुंबांना हिवाळ्यात घर तापवायचं की जेवणावर खर्च करायचा, हा हिशेब करावा लागतो. चांगली भिंत तो हिशेब कायमचा थोडा सोपा करते. हे फोटोत दिसत नाही.

माझा टॉवेल अजून दारातच आहे. घरमालकाला ईमेल केलाय, उत्तराची वाट बघतोय.

तुमच्या घरातली सगळ्यात त्रासदायक फट कोणती, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!