करचुकवेगिरी: पैसे भरले म्हणजे सुटका?

करचुकवेगिरीविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आहेत. पकडले गेलो तर पैसे भरून मोकळे होऊ, असे काहींना वाटते. काहींना आकडेमोडीत साधी चूक झाली तरी तुरुंगाची भीती वाटते. पहिल्या समजुतीने माणूस कोर्टाची पायरी चढू शकतो आणि दुसरीने प्रामाणिक पगारदाराची झोप विनाकारण उडते. कायदा काय सांगतो, हे दोघांनाही माहीत असायला हवे.

गैरसमज: करचुकवेगिरीला फार तर दंड होतो.

वस्तुस्थिती: शास्ती आयकर अधिकारी लावतो, शिक्षा न्यायालय देते आणि या दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत. आजवरचे बहुतेक खटले 1961 च्या आयकर कायद्याखाली चालले. त्यातल्या कलम 276सी मध्ये हेतुपुरस्सर कर बुडवू पाहणाऱ्याला, रक्कम 25 लाखांपेक्षा जास्त असल्यास, 6 महिने ते 7 वर्षे सक्तमजुरी आणि दंड सांगितला होता. रक्कम त्याहून कमी असेल तर 3 महिने ते 2 वर्षे. इतर कोणतीही शास्ती लागली तरी ही शिक्षा वेगळी, असे त्या कलमातच म्हटले होते.

जीएसटीत तर अटकही होऊ शकते. मालाची देवघेव न करता बोगस बिले फाडून 5 कोटींहून अधिक कर बुडवला, तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गुन्हा अजामीनपात्र ठरतो.

गैरसमज: रिटर्नमध्ये चूक झाली की तुरुंग अटळ.

वस्तुस्थिती: सगळे ‘हेतुपुरस्सर’ या शब्दावर ठरते. मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याला बहुधा 5,000 रुपये विलंब शुल्क पडते; उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1,000. उत्पन्न कमी दाखवल्याचे निघाले तर त्यावरील कराच्या 50 टक्के शास्ती, आणि माहिती खोटी दिली असेल तर 200 टक्के. शिवाय 2004 मध्ये ‘के. सी. बिल्डर्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उत्पन्न लपवल्याबद्दलची शास्तीच अपिलात रद्द झाली, तर त्याच आधारावरचा खटला टिकत नाही.

मात्र खटला उभा राहिला, की कलम 278ई लागू होते. आरोपीचा हेतू वाईट होता असे न्यायालय गृहीत धरते आणि तो तसा नव्हता, हे आरोपीलाच निःसंशय सिद्ध करावे लागते. पावत्या आणि बँकेचे उतारे जपून ठेवायचे ते यासाठी.

गैरसमज: उशिरा का होईना, पैसे भरले की विषय मिटला.

वस्तुस्थिती: ‘मधुमिलन सिंटेक्स’ या कंपनीने कापलेला टीडीएस मुदत उलटल्यावर सरकारजमा केला होता. नंतर भरणा केला म्हणून गुन्हा पुसला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले. रिटर्नच्या बाबतीतही तेच. तमिळनाडूच्या माजी मुख्यमंत्री जयललिता आणि त्यांच्या सहकारी शशिकला यांच्याविरुद्ध रिटर्न न भरल्याचे खटले होते. करनिर्धारणाचा वाद सुरू असताना खटला चालवता येत नाही, हा बचाव न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये फेटाळला. पुढे ते प्रकरण आयकर विभागाशी तडजोड होऊन मिटले. अशा तडजोडीला शुल्क पडते आणि ती मंजूर करणे विभागाच्या हाती असते. हक्क म्हणून ती मागता येत नाही.

गैरसमज: रिटर्न एजंटने भरला, मी फक्त सही केली.

वस्तुस्थिती: फुटबॉलपटू लिओनेल मेस्सीने स्पेनच्या न्यायालयात हेच सांगितले होते. पैशांचे व्यवहार वडील पाहत होते आणि आपण विश्वासाने सह्या केल्या, असा त्याचा बचाव होता. 2016 मध्ये त्याला 21 महिन्यांची शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शेवटी तिचे रूपांतर दंडात झाले म्हणून तुरुंग टळला, दोषी हा शिक्का मात्र राहिला.

भारतात 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने सुमारे 150 ठिकाणी झडती घेतली. त्यात महाराष्ट्रही होता. काही दलाल कमिशन घेऊन पगारदारांच्या रिटर्नमध्ये घरभाडे, देणग्या, आरोग्य विमा यांच्या खोट्या वजावटी भरत होते. परतावा खात्यात आल्यावर आनंद होतो, पण खोट्या निवेदनाची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते. खोटा रिटर्न भरायला मदत करणाऱ्यालाही कायद्यात वेगळी शिक्षा आहे.

गैरसमज: बेकायदा कमाईवर कर कसला?

वस्तुस्थिती: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्येच चोरट्या दारूच्या नफ्यावर कर लागतो, असा निकाल दिला. चार वर्षांनी, 1931 मध्ये, शिकागोचा गुंड अल कपोन याला करचुकवेगिरीसाठी 11 वर्षांची शिक्षा झाली. खुनाच्या आरोपाखाली तो कधीच दोषी ठरला नव्हता. भारतातही उत्पन्न कोणत्या मार्गाने आले याचा कराशी संबंध नाही.

ज्यांच्या जुन्या रिटर्नमध्ये चुकीची वजावट आहे, त्यांना सुधारणेची वाट मोकळी आहे. 2025 च्या अर्थसंकल्पाने अद्ययावत रिटर्नची मुदत 4 वर्षांपर्यंत वाढवली. उशीर होईल तसा जादा कर 25 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत चढतो. जुलैतील झडतीआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी रिटर्न सुधारून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. ज्या वर्षासाठी खटल्याची कारवाई सुरू झाली आहे, त्या वर्षाचे अद्ययावत रिटर्न मात्र भरता येत नाही.