चाकांवरचे पादचारी

"पुढच्या चौकापर्यंतच तर जायचंय." पुण्यात दुचाकीवर जे नियम मोडले जातात, त्यांतल्या बहुतेकांमागे हे एकच वाक्य असतं. त्यामुळेच हेल्मेट घरी खुंटीवर राहतं, गाडी नो एंट्रीत शिरते आणि लाल दिव्यालाही थांबत नाही. सायकलवाला असो की स्कूटरवाला, मनातून तो स्वतःला पादचारीच समजतो, फक्त जरा वेगवान. पादचाऱ्याला एकेरी रस्ता नसतो, सिग्नलला तो वळसा घालू शकतो, डोक्यावर त्याला काही घालावं लागत नाही. पण चाकांवर बसल्यावर कायदा माणसाला पादचारी मानत नाही, आणि त्याचा वेगही पादचाऱ्याचा राहत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवर होती.

सगळ्यात चिवट गैरसमज अर्थातच हेल्मेटचा. "पुण्यात सक्ती उठली ना?" असं लोक आजही विचारतात. 'हेल्मेटसक्ती' हा जणू शहरापुरता काढलेला पोलिसी फतवा आहे, एक आयुक्त तो आणतो, दुसरा मागे घेतो, अशी समजूत इथे घट्ट रुजली आहे. जानेवारी २०१९ मध्ये कारवाई सुरू झाली तेव्हा पुण्यात तिच्याविरुद्ध आंदोलनं झाली. पुढे कारवाई सैल पडली आणि लोकांनी नियमच गेला असं धरलं. पण हा नियम पुण्याचा नाहीच. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये आहे आणि देशभर लागू आहे. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे, पुण्याच्या पेठांना नाही. चौकातली तपासणी कधी कडक असते, कधी ढिली. कलम मात्र तिथेच असतं.

त्याच कलमात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट घालायला सांगितलं आहे, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही. याला अनेक घरांत नुसता सल्ला समजतात. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बायको ओढणी सावरत उघड्या डोक्याने, हे दृश्य मला प्रत्येक सिग्नलला अस्वस्थ करतं. २०२२ साली हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मरण पावले आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्याला तर समोरचा धोका दिसतही नाही, त्यामुळे सावरायला एक क्षणसुद्धा मिळत नाही.

हेल्मेट डोक्यावर ठेवलं म्हणजे घातलं, असंही नाही. पट्टा पक्का बांधलेला असेल तरच कायदा त्याला हेल्मेट मानतो, आणि कारण साधं आहे. पहिल्याच आदळण्यात न बांधलेलं हेल्मेट निघून जातं, डोकं रस्त्यावर आपटतं ते त्यानंतर. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका पट्टा आवळलेला हवा. आतला थर्माकोलसारखा जाड थर स्वतः दबून धक्का शोषतो आणि एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून पडलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बदलायचं. रस्त्याकडेला मिळणारी पातळ टोपी पावती वाचवेल, कवटी वाचवणार नाही. शिवाय १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. लहान मुलांसाठीही नियम आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला गाडीवर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं. वेगही ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा. पुढे फळीवर उभं केलेलं पोर या नियमात कुठेच बसत नाही.

आता सायकल. "सायकलला कुठले आले नियम?" असं सायकलवालेच म्हणतात. लायसन्स, नंबर, विमा यांतलं तिला काही लागत नाही, हे खरं. मोटार वाहन कायद्यातले दंड तिला लागू होत नाहीत, हेही खरं. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात वाहनाच्या व्याख्येत सायकल आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याचं बंधन त्यातल्या कलम ९९ मध्ये आहे, आणि कलम ३३ ने पोलिसांना ज्यांच्या रस्तावापराचे नियम करण्याचा अधिकार दिला, त्यांत सायकल चालवणारेही येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू हे सायकल आणि स्कूटर दोघांनाही बंद आहेत.

सायकलवाल्यांचा त्याहून घातक समज म्हणजे समोरची गाडी दिसावी म्हणून उजव्या बाजूने, वाहतुकीच्या तोंडावर चालवणं बरं. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर चालणाऱ्याला हा सल्ला देतात, कारण तो क्षणात थांबतो आणि बाजूला उडी मारू शकतो. सायकलवाल्याला तसं करता येत नाही. हिशेब करून पाहा. तुमचा वेग ताशी १५ आणि स्कूटरचा ४० असेल, तर मागून येणारी स्कूटर तुमच्याकडे ताशी २५ ने येते आणि समोरून येणारी ५५ ने. दुसरा धोका गल्लीच्या तोंडाशी असतो. गल्लीतून बाहेर डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडून येतात. उलट दिशेने येणारा सायकलवाला त्याच्या डावीकडून, पाठमोऱ्या बाजूने उगवतो. तो त्याला दिसतच नाही.

डावीकडे म्हणजे अगदी कडेला, गटाराच्या झाकणांवरून चालवायचं असंही नाही. उभ्या मोटारींना खेटून गेलात तर एखादं दार अचानक उघडतं. त्यांच्यापासून साधारण मीटरभर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवावं, मोकळी जागा दिसली की आत आणि मोटार आली की बाहेर, अशी नागमोडी करू नये. रात्री मागे फक्त परावर्तक असून भागत नाही, कारण त्यावर कुणाचा प्रकाश पडला तरच तो चमकतो. पुढे पांढरा आणि मागे लाल, असे स्वतःचे दिवे लागतात.

स्कूटरच्या राँग साइडचं प्रकरण आणखी सरळ आहे. "लांबचा वळसा वाचवला, चूक तेवढीच" असं वाटतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं, सिग्नल तोडणं आणि हातात फोन धरून चालवणं हे सगळं कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात येतं. पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'फ्री लेफ्ट'चंही तसंच. डावं वळण कायम मोकळं असतं हा निव्वळ समज आहे. तिथे तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तरच लाल दिव्याला वळता येतं, तेही पायी ओलांडणाऱ्यांना आधी जाऊ देऊन. फुटपाथवर गाडी चढवायला तर गर्दीतही परवानगी नाही. तिथून जायचंच असेल तर उतरून, इंजिन बंद करून, ढकलत न्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घरातून शिकवल्या जाणाऱ्या एका चुकीची: "पुढचा ब्रेक दाबू नकोस, कोलांटी होईल." आईवडील मुलांना हे सायकलवर शिकवतात आणि मुलं ते स्कूटरवर घेऊन येतात. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे झुकतं, गाडीचं नाक खाली दबतं. त्यामुळे पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. नुसता मागचा दाबला तर ते हलकं चाक अडकतं आणि घसरतं, गाडी मात्र थांबत नाही. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. कोलांटी होते ती तो एकदम गच्च दाबल्याने, किंवा वळणात, वाळूवर, ओल्या लोखंडी झाकणावर दाबल्याने. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायचे. मोकळ्या मैदानात हा सराव केलेला असला की आयत्या वेळी हात आपोआप तसेच वागतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत निदान जोडब्रेक असतो, म्हणजे स्कूटरचा डावा ब्रेक थोडा पुढेही लागतो. त्यामुळे उजवा वापरायचाच नाही, असं मात्र नाही.

दिवसा दिवा चालू दिसला की समोरचे मूठ उघडझाप करून खूण करतात. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत तो इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो विसरलेला नसतो.

"सोळा पूर्ण झाले, विनागियरचं लायसन्स मिळतं, मग चालवू दे की." लुनाच्या जमान्यात हे चाललं असतं. सोळाव्या वर्षीचा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आहे, आणि आज दारात उभी असलेली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते. परवाना नसलेल्या अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९-अ पालक किंवा गाडीमालकावर येतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. त्या मुलाला मग पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

"बॅटरीच्या गाडीला काहीच लागत नाही" हे निम्मंच खरं. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच ही मोकळीक आहे. घेताना दुकानदाराकडून हे दोन आकडे लेखी घ्या. नंतर वेग वाढवून घेतलात तर तुम्ही नोंदणी आणि विमा नसलेली मोटारगाडी चालवत आहात.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तर मूळ प्रतीइतकीच चालतात. गॅलरीतला फोटो चालत नाही.

कुणी पडलेलं दिसलं की लोक दोन गोष्टी करतात, हेल्मेट ओढून काढतात आणि तोंडात पाणी ओततात. दोन्ही टाळा. मानेला मार असेल तर ओढाओढीने तो वाढतो आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकतं. काच वर करा, श्वास चालू आहे का पाहा, १०८ ला फोन लावा. श्वास अडत असेल तरच, एकाने मान धरून आणि दुसऱ्याने हळू सरकवत, हेल्मेट काढायचं. आणि पोलिसांच्या भानगडीत अडकू या भीतीने निघून जाऊ नका. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती कुणी तुमच्यावर करू शकत नाही.