रोमच्या आधी वसई

मार्च १९६७मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात लिन व्हाइट या मध्ययुगाच्या अभ्यासकाचा लेख आला आणि चर्चच्या वर्तुळात खळबळ उडाली. निसर्गाच्या नासाडीचे खापर त्याने पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मावर फोडले होते. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगतो, आणि युरोपने तेवढेच मनावर घेतले, असा त्याचा रोख. धर्मपंडितांनी लगेच दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवले: तिथे एदेन बागेची मशागत आणि राखण आदामाकडे सोपवलेली आहे. वचन खरे, पण मग इतकी शतके ते मागे का पडले, याला उत्तर नव्हते. गंमत म्हणजे व्हाइटचा तोडगाही ख्रिस्तीच होता. असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत करा, असे त्याने सुचवले आणि १९७९मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेच केले.

१९८९मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क दिमित्रियोस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. पुढच्याच वर्षीच्या शांतिदिनाच्या संदेशात पोपनीही हाच विषय घेतला. हे सगळे झाले कागदावर.

त्याच सुमारास वसईत प्रश्न पाण्याचा होता. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, आणि मधल्या पट्ट्यात केळी, पानवेली, फुलझाडे, भाजीपाला. या वाड्या जगल्या त्या विहिरींवर आणि बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीलगतचे खोलगट तळे. पावसाचे गोडे पाणी त्यात साठते, हळूहळू मुरते आणि आसपासच्या विहिरींना पुरते. जमिनीखालचे हे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. टँकरवाल्यांनी विहिरींना मोठे पंप लावले, वारेमाप उपसा सुरू झाला आणि पाणी मचूळ होत गेले. त्यात इमारतींसाठी हिरवा पट्टा खुला होऊ लागला. १९९०मध्ये सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाकडे इथले नियोजन गेले.

याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो या धर्मगुरूने केले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते १९८३पासून संपादक. ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले, धमक्याही आल्या. धर्मगुरूने वेदी सांभाळावी, मोर्चे कशाला, हा सवाल घरचेच लोक करत. जमिनी विकणाऱ्यांत ख्रिस्ती नव्हते असेही नाही, त्यामुळे हा झगडा बाहेरच्यांशी जेवढा, तेवढाच आतला होता. माझ्या मते या चळवळीचे मोल इथेच आहे: आध्यात्मिकता आधी आणि निसर्ग नंतर, अशी वाटणी तिने मानली नाही. गोड्या पाण्याची विहीर हाच तिचा धर्माचा विषय होता.

रोमहून तितक्याच ठसठशीतपणे शब्द आले ते २०१५मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या पत्रातून. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच, हे त्याचे सूत्र. वसईकरांना त्यात नवे काय वाटले असेल? आठ वर्षांनी आलेले ‘लाउदाते देउम’ बरेच छोटे आणि अधीर आहे. जगाने पुरेसे काही केले नाही, हे पोप आडपडदा न ठेवता सांगतात.

वसईतही हिशेब फारसा सुखाचा नाही. २००९मध्ये महापालिका आली, गावे वगळण्याची मागणी वर्षानुवर्षे कोर्टकज्ज्यांत अडकली आणि इमारती वाढतच गेल्या. दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तो मान मिळवणारे पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. पुढच्या वर्षी पोप चौदावे लिओ यांच्या काळात सृष्टीच्या जतनासाठी स्वतंत्र मिस्सा मंजूर झाली. चांगलेच झाले. पण वसईत अलीकडे काही गावांतल्या तरुणांनी भराव आणि गाळाने बुजलेली बावखले उपसायला घेतली आहेत, ती बातमी मला जास्त महत्त्वाची वाटते.